आल्याच्या बिअरचा पहिला घाणा

मागच्या उन्हाळ्यात मी घरी आल्याची बिअर करून पाहिली. पहिल्या खेपेला दोन बाटल्या फुटल्या. दुसरी खेप मेली. तिसरी जमली. कुणाला करून बघायची हौस असेल तर माझ्या चुका आधी वाचा, म्हणजे काच गोळा करायची वेळ येणार नाही.

मी मूळचा सांगलीचा. बँकेत नोकरी. बदलीवर तमिळनाडूत आलो आणि पापनाशमला पडलो. तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं हे गाव. भात, केळी, विड्याची पानं, आणि पालैवननाथराच्या देवळात नायक राजांच्या काळातलं विटांचं भलंमोठं गोल धान्यकोठार. बायको आणि मुलगी सांगलीलाच, मुलीच्या दहावीमुळे. मी एकटा, जुन्या कौलारू घराच्या माडीवर भाड्यानं. खाली घरमालकीण आजी. आजी तंजावरी मराठी. घराणं कधी खाली आलं ते तिला ठाऊक नाही. तिचं मराठी माझ्यासारखं नाही, मध्येच तमिळ शब्द येतात, सुरुवातीला अर्धं कळायचं नाही. इथे तिचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितोय.

फेब्रुवारीत मेलबर्नचा भाचा भेटायला आला. येताना त्यानं एक डबा आणला. डब्यात १.७ किलो माल्टचा अर्क, काकवीसारखा काळा आणि दाट. झाकणाखाली ७ ग्रॅम यीस्टची पुडी. शिवाय द्रावाची घनता मोजणारी काडी म्हणजे हायड्रोमीटर, एक एअरलॉक आणि बादलीला लावायची तोटी. मामाला संध्याकाळी काही उद्योग नाही, हे माझ्या बहिणीनं त्याला सांगितलेलं दिसत होतं.

त्यानं कृती समजावली. ऐकायला सोपी होती. अर्क आणि एक किलो साखर दोन लिटर गरम पाण्यात विरघळवायची. गार पाणी घालून एकूण २३ लिटर करायचं. यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं. एअरलॉकमधून गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. आठवड्याभरात फसफसणं थांबतं. हायड्रोमीटरवर लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की काम संपलं. मग बाटलीत थोडी साखर घालून भरायचं, दोन आठवडे थांबायचं. माल्टचं पाणी उकळणं, कडूपणासाठी हॉप्सची फुलं घालणं ही सगळी कटकट कारखान्यात आधीच झालेली असते. तिकडे नवशिके असंच सुरू करतात म्हणे.

मी विचारलं, "तापमान किती लागतं?"

"अठरा ते चोवीस, मामा."

माझ्या माडीवर फेब्रुवारीतच दुपारी बत्तीस असायचं.

पण खरी अडचण दुसरीच होती. डबा फोडण्याआधी मी ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. नोकरी बँकेची, म्हणून विचारलेलं बरं. ते म्हणाले, नाद सोडा. तमिळनाडूत १९३७चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा. बिअर त्यात येते. विकायला केली की प्यायला केली, हा प्रश्नच नाही. दुकानातून आणून पिता येते, घरी करता येत नाही. दुकानंही २००३पासून सगळी सरकारी महामंडळाची. "तुमच्या महाराष्ट्रातही १९४९चा कायदा आहे, तिथेही परवाना लागेल," असंही म्हणाले. ते मला माहीत नव्हतं.

भाच्याला खरं वाटेना. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरला परवाना लागणं १९६३ साली बंद झालं. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरी बिअर करणं मोकळं झालं. तिकडची मंडळी डबे आणतात आणि करतात. इथे तसं नाही. विषय संपला.

भाचा परत गेला, डबा राहिला. एका रात्री मी तो फोडला. म्हटलं, माल्टच आहे, दुधात घालून पिऊ. लहानपणी प्यायचो तसं काहीतरी लागेल. एक चमचा गरम दुधात घातला. पहिला घोट घेतला आणि मोरीकडे पळालो. अर्कात हॉप्स आधीच घातलेले असतात, त्यांचा कडूपणा कडुलिंबाच्या काढ्याच्या जवळपास जातो. दुधाचा पेला फुकट गेला. डबा झाकून माळ्यावर टाकला, तो अजून तिथेच आहे.

एअरलॉक आणि हायड्रोमीटर मात्र समोर दिसत होते. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मग जिंजर बिअर कर. आलं, साखर, लिंबू. नुसता फेस येईपर्यंत थांबायचं. अल्कोहोल होऊ द्यायचं नाही."

होऊ द्यायचं नाही म्हणजे किती? साखर आंबली की गॅस होतो आणि थोडं अल्कोहोलही होतंच. दोन्ही एकाच कामातून निघतात. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की पेय मद्य ठरतं. मी ती रेघ धरली. ती मोजायला हायड्रोमीटर होताच. सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा आकडा, गुणिले १३१. उत्तर येतं ते ढोबळ टक्के. म्हणजे १.०३४वरून १.०३०वर आलं की अर्धा टक्का भरला. चार अंकांचीच मोकळीक.

हे गणित मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी ते बाटल्या भरताना वापरलं नाही. ते पुढे येईलच.

आधी विरजण करावं लागतं. आल्याच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, त्याला साखर-पाणी देऊन वाढवायचं. इंग्लंडमध्ये ही जिंजर बिअर अठराव्या शतकापासून घरोघर होत आली. विरजणात नक्की काय असतं ते हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १८९२ साली शोधून छापलं. यीस्ट आणि जिवाणू दोघं एकत्र नांदतात. आपल्या इडलीच्या पिठातही तोच संसार असतो.

माझं पहिलं विरजण धरलंच नाही. मी आलं स्वच्छ धुतलं, साल काढली, किसलं. पाणी थेट नळाचं घेतलं. चार दिवस बरणी तशीच. पाचव्या दिवशी वर काळपट बुरशी आली. टाकून दिलं.

चुका दोन होत्या. साल काढली म्हणजे यीस्टच काढलं. आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलंसुरलं मारायला टपलेलं. दुसऱ्या वेळी बाजारातून माती लागलेलं आलं आणलं. माती नुसती खळखळून घालवली. पाणी उकळून पूर्ण गार केलं. अर्धा लिटर पाणी, एक मोठा चमचा सालीसकट किसलेलं आलं, एक मोठा चमचा साखर. रोज सकाळी पुन्हा एकेक चमचा दोन्ही. वर फडकं बांधलं, घट्ट झाकण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ढवळलं तर सोड्यासारखं फसफसलं. मी बरणीचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिनं विचारलं, "जेवलास का?"

आता पहिला घाणा. मे महिना नुकताच लागला होता. इथे त्या दिवसांना कत्तिरी म्हणतात, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. शनिवारी बँक लवकर आटपली. चार लिटर पाणी, चारशे ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम आलं ठेचून, सगळं पंधरा मिनिटं उकळलं. गार केलं, गाळलं. दोन लिंबं पिळली. पाव लिटर विरजण घातलं. झाकणाच्या स्टीलच्या डब्याला एअरलॉक बसेना, म्हणून बादलीच्या झाकणाला भोक पाडून बसवला.

हायड्रोमीटर आधी साध्या पाण्यात बुडवून पाहिला. तिथे बरोबर १.००० यायला हवं. आलं ०.९९६. वाटलं, विमानात आपटला असणार. भाच्याला विचारल्यावर कळलं की हायड्रोमीटरची काडी २० अंश तापमानासाठी आखलेली असते. माझं पाणी ३५ अंशांचं. गरम पाणी हलकं, म्हणून काडी जास्त बुडते. चार अंक मिळवायचे की झालं. किंवा दोन्ही वेळा त्याच तापमानाला मोजायचं, मग फरक बरोबरच येतो. माझा सुरुवातीचा आकडा काडीवर १.०३४ आला. वहीत लिहून ठेवला.

भाच्यानं पाठवलेल्या कृतीत लिहिलं होतं: दोन ते तीन दिवस बादलीत, मग बाटलीत भरून दोन दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये. मी ते कागदावर उतरवून भिंतीला चिकटवलं.

आजी माडीवर सहसा येत नाही, गुडघे दुखतात. तिनं खालूनच विचारलं, काय शिजवतोस, घरभर आल्याचा वास आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, "वर ठेवू नकोस. वर भट्टी असते. खाली मागच्या पडवीत ठेव."

मी बादली खाली नेली. तिच्या इडलीच्या पिठाच्या भांड्याशेजारी ठेवली. रविवारी एअरलॉकमधून सेकंदाला एक बुडबुडा येत होता. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. खोटं का बोलू, फार बरं वाटलं.

त्याच रविवारी सकाळी आजीचं पीठ उतू गेलं होतं. तिनं मला दाखवलंही. "थंडीत रात्रभर ठेवते. कत्तिरीत चार तास. तुझ्या कागदावर कत्तिरी लिहिलीय का?"

मी हसलो. कागदावर दोन ते तीन दिवस लिहिले होते, मी दोनच ठेवणार होतो. म्हटलं, आपण सावधच आहोत.

सोमवारी संध्याकाळी बाटल्या भरल्या. सरबताच्या रिकाम्या काचेच्या पाच, स्क्रूच्या झाकणाच्या. उरलेलं कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीत. हायड्रोमीटर धुऊन ठेवला होता, तो पुन्हा काढायचा कंटाळा केला. झाकणं पक्कडीनं आवळली. बाटल्या पडवीतच ठेवल्या.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला शाखेत फोन आला. आजीच्या शेजारचा मुलगा होता. तो नुसता ओरडत होता, "वेडी, सार, वेडी!" मला वाटलं, आजीला काही झालं, भ्रमिष्टासारखी करतेय. पोटात खड्डा पडला. मॅनेजरना सांगून स्कूटरवर निघालो. वाटेत डोक्यात आलं की तमिळमध्ये वेडी म्हणजे फटाका, स्फोट. मग आणखीच घाबरलो.

आजी मधल्या चौकात खुर्चीवर बसली होती. धड होती. तिनं पडवीचं दार लावून घेतलं होतं. "एक फुटली तेव्हा वाटलं, मांजरानं पाडली. बघायला उठले तेवढ्यात दुसरी फुटली."

दार किलकिलं केलं. जमीन चिकट, आल्याचा वास. एक काच लाकडी खांबात रुतलेली, साधारण माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर. आजी रोज साडेअकराला तिथे बसून भाजी चिरते. त्या बाटल्या अडीच तास आधी फुटल्या असत्या तर? हे मी बायकोला महिनाभर सांगितलं नाही.

तीन काचेच्या बाटल्या अजून उभ्या होत्या. आता इथे कुणी घाई करू नये. मी हेल्मेट घातलं, काच खाली घेतली. पावसाळी जाकीट, जाड बूट. लांबून जुनी गोधडी बाटल्यांवर टाकली. तिच्यावर गार पाण्याच्या चार बादल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला बर्फ ओतला. तास दीड तास तसंच राहू दिलं. गार झालं की गॅस पाण्यात जिरतो, दाब उतरतो. मग एकेक बाटली ओल्या गोधडीतच धरून झाकण अगदी थोडं फिरवलं. फुस्स करून गॅस जाऊ दिला, थांबलो, पुन्हा फिरवलं. शेजारचा मुलगा गच्चीवरून बघत होता. त्याच्या दृष्टीनं ती त्या उन्हाळ्यातली सगळ्यात चांगली दुपार होती.

प्लास्टिकची बाटली फुटली नव्हती. टणक झाली होती, बूड फुगून गोल झालं होतं, उभी राहत नव्हती. कोल्ड्रिंकच्या बाटल्या गॅससाठीच बनवलेल्या असतात. सरबताच्या बाटलीची काच पातळ, तिला दाबाची सवय नाही.

रात्री एका बाटलीतलं थोडं पेय ढवळून ढवळून गॅस घालवला आणि हायड्रोमीटर बुडवला. गॅसचे बुडबुडे काडीला चिकटले तर ती वर उचलली जाते आणि आकडा चुकतो, म्हणून आधी ढवळायचं. काडी १.०२० वर थांबली. चौदा अंकांचा फरक. गुणाकार केला. १.८ टक्के.

म्हणजे माळ्यावरचा डबा न वापरताही मी तीन दिवसांत सौम्य बिअर करून मोकळा झालो होतो. तीही घरी करायला बंदी असलेल्या राज्यात, एका म्हातारीच्या पडवीत. सगळं मोरीत ओतलं. चव घेतली नाही असं म्हणणार नाही. एक घोट घेतला. चांगली होती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजीची माफी मागितली. ती रागावली नव्हती. तिनं पदनीरची गोष्ट सांगितली. ताडाचा गोड रस उतरवतात तेव्हा मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे रस आंबत नाही, तो पदनीर, आपली नीरा. लहान मुलंही पितात. चुना लावला नाही तर त्याच झाडाची, त्याच रसाची ताडी होते. तिच्यावर इथे १९८७पासून बंदी. "झाड तेच. चुना विसरायचा नाही," ती म्हणाली.

मी गावातल्या सोडावाल्याकडेही गेलो. तो गुलाबाच्या वासाचा पन्नीर सोडा गोळीच्या बाटलीत विकतो. मला वाटलं, तसल्या बाटल्या घ्याव्यात, काच जाड असते. तो म्हणाला, घेऊन भरणार कशा? त्या बाटलीत गॅसच गोळीला वर ढकलून रबराच्या कड्यावर दाबून धरतो, म्हणून ती उलटी धरून यंत्रात भरावी लागते. १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं काढलेली ती युक्ती आहे. सोडावाल्याचं यंत्र बघितलं. भरताना बाटल्या लोखंडी पेटीत बंद असतात. का, ते मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

दुसरा घाणा पंधरा दिवसांनी केला. या वेळी साखरेऐवजी गूळ. आमच्याच तालुक्यात वीरमांगुडी नावाचं गाव आहे, तिथला साच्यातला गूळ, अच्चु वेल्लम, या भागात नावाजलेला. रंग सुरेख आला. पण मला दौऱ्यावर जायचं होतं, घाई होती. पाक नीट निवण्याआधीच विरजण ओतलं. दोन दिवस काहीच नाही. बुडबुडा नाही, फेस नाही, आकडा जागचा हलला नाही.

आजीनं विचारलं, "पाक किती गरम होता?"

"कोमट होता."

"बोट घालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. वाफ येत नव्हती एवढंच बघितलं होतं. दूध कडकडीत असताना विरजण लावलं तर दही लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई करंगळी बुडवून बघायची. पण समोर बादली आणि एअरलॉक होता, म्हणून मला ते दही आठवलंच नाही. यीस्ट चाळीस अंशांच्या वर कुरकुरायला लागतं आणि पन्नाशीच्या पुढे मरतं. नशिबानं मी विरजणातलं निम्मं बरणीत ठेवलं होतं. ते नेहमी ठेवावं. मेलेल्या घाण्याचं आम्ही आल्याचं सरबत म्हणून दोन दिवस प्यायलो. आजीही प्यायली.

तिसऱ्या घाण्याच्या आधी मी भिंतीवरचा कागद काढून टाकला. त्यातले दिवस थंड देशातले होते. तापमान चढलं की आंबण्याचा वेग वाढतो. वीस अंशांचे दोन दिवस पस्तीस अंशांत दोन दिवस राहत नाहीत. तेव्हा मी बादलीतला मुक्काम पूर्ण काढून टाकला. जूनच्या पहिल्या शनिवारी केलं ते असं:

पाक निवू दिला, बोट घातलं, काही लागलं नाही तेव्हा विरजण घातलं. प्रमाण पहिल्या घाण्याचंच. आकडा १.०३४. गाळून लगेच बाटल्यांत भरलं. सगळ्या बाटल्या कोल्ड्रिंकच्या, प्लास्टिकच्या, धुतलेल्या, प्रत्येकीत वर चार बोटं जागा. बाटल्या मोठ्या घंगाळात गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या केल्या. त्यात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सोडल्या. पाणी अठ्ठावीसवर आलं. दर दोन तासांनी अंगठ्यानं दाबून बघायचं ठरवलं. रात्री दहापर्यंत मऊ. आजी म्हणाली, आता झोप, पहाटे मी उठतेच. सकाळी सहाला तिनं हाक मारली. बाटल्या दाबल्या जात नव्हत्या. लगेच फ्रिजमध्ये टाकल्या. थंडीनं यीस्ट मरत नाही, फक्त झोपतं, म्हणून त्या तीन-चार दिवसांत संपवायच्या आणि बाहेर काढून ठेवायच्या नाहीत.

संध्याकाळी एक उघडली. आवाज छान आला. थोडं पेय बाजूला काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, गॅस घालवला, मोजलं. १.०३१. साधारण ०.४ टक्के. काडीवरच्या रेघा दोन-दोन अंकांच्या आहेत, म्हणून हे मोजमाप ढोबळच. रेघेच्या अलीकडे आहे, एवढंच मी म्हणेन. पोराबाळांना देत नाही.

चव? आलं घशाला झोंबतं, मागून लिंबू, मग फेस नाकात जातो. गोड जरा जास्त होती. तिथपासून साखर तेवढीच ठेवून लिंबं तीन घालतो.

भाच्याला फोटो पाठवला. त्यानं लगेच विचारलं, काचेच्या बाटलीत का नाही, दिसायला छान दिसतं. मी त्याला खांबाचा फोटो पाठवला. काच काढली तरी खाच राहिली आहे.

कुणी करणार असेल तर थोडक्यात सांगतो. आधी आपल्या राज्याचा कायदा विचारा, मग डबा आणा. आलं सालीसकट घ्या, पाणी उकळून गार करा. बोट घालून बघितल्याशिवाय विरजण घालू नका. निम्मं विरजण राखून ठेवा. आकडा दोन्ही वेळा मोजा, कंटाळा आला तरी. काच वापरू नका. आणि बाटली जिथे ठेवाल तिथे कुणी बसत नाही ना, ते आधी बघा.

आजी माझी जिंजर बिअर अजून पीत नाही. पाकातलं उकडलेलं आलं मात्र मागून घेते, चिंच-गूळ घालून त्याचं तोंडीलावणं करते. माझ्या बाटल्यांवर लक्ष तिचंच असतं, कारण मी दिवसभर शाखेत. मागच्या बुधवारी कर्जाची फाइल घेऊन एक शेतकरी समोर बसले होते. फोन वाजला. आजी होती.

"दगड झाल्या रे सगळ्या. फ्रिजमध्ये ठेवल्या. तुझं दूध बाहेर काढलंय, जागा नव्हती."